वाटीबाईंचं ताट

वाटीबाई कुणाचीही चौकशी थेट पोटापासून सुरू करत. नमस्कार-चमत्कार नाही, पाऊसपाण्याच्या गप्पा नाहीत. दारात चपला काढता काढताच विचारत, "काल काय जेवलात?" आमच्या आळीत एक म्हातारबाबा गेले, तेव्हा आम्ही सगळ्या डोळ्यांना पदर लावून "फार चांगले होते हो" असं म्हणत बसलो होतो. ह्या बाई आल्या, म्हातारबाबांच्या बायकोशेजारी टेकल्या आणि हळूच म्हणाल्या, "काल काय जेवलात?" मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या म्हातारीने सकाळपासून पहिल्यांदाच मान वर केली आणि म्हणाली, "काय न्हाय." मग कुणीतरी पेज करायला उठलं. ते कुणीतरी म्हणजे मीच, कारण बाकी कुणी जागचं हलेना.

बाई मुंबईच्या एका महाविद्यालयात गृहविज्ञान शिकवायच्या. घरगुती धंदा करणाऱ्या बायका घर आणि धंदा दोन्ही कसं ओढतात आणि त्यात त्यांची तब्येत कशी राहते, असा काहीतरी त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. त्यासाठी आमचं समुद्रकाठचं नागाव निवडलं, कारण इथे घर तिथे खानावळ. पहिल्या दिवशी त्या खांद्याला कापडी पिशवी लावून आमच्या अंगणात आल्या. पिशवीत लहान, मध्यम, मोठ्या अशा स्टीलच्या वाट्या खणखणत होत्या. कालवण किती खाल्लं, भात किती खाल्ला, हे वाटी दाखवून विचारायची त्यांची पद्धत होती. आम्हाला काय ठाऊक? माझ्या सासूबाईंना वाटलं, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण आली. त्या लगबगीने आत गेल्या आणि माझ्या नवऱ्याच्या दोन पँटी घेऊन आल्या. त्यातली एक तो अजून घालत होता.

"या दोनवर ती मोठी वाटी द्या. बारकी न्हाय चालायची," सासूबाईंनी सांगून टाकलं.

बाईंनी पँटी उलटसुलट करून पाहिल्या, घडी घालून बाजूला ठेवल्या आणि विचारलं, "काल काय जेवलात?" त्या दिवसापासून त्यांचं नाव वाटीबाई पडलं. खरं नाव मला पुढे कळलं, पण त्या नावाने त्यांना हाक मारल्याचं मला आठवत नाही.

आमची खानावळ म्हणजे नारळाच्या वाडीत टाकलेली चार बाकडी आणि सासूबाईंचा हात. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं मांडव्याला बोटीतून उतरायची, समुद्रावर उंडारायची आणि दुपारी आमच्याकडे सुरमईची तुकडी, कालवण, तांदळाची भाकरी हाणून तृप्त होऊन जायची. माझ्या नवऱ्याची वाढपी म्हणून धावपळ, माझ्याकडे भाकऱ्या, आणि कालवण मात्र सासूबाईंचंच. मी पेणची, घाटणं-वाटणं सगळं शिकले, पण ते कालवण मला आजही तसं जमत नाही. आणि त्याच वर्षी सासूबाईंना चुलीपुढे घेरी यायला लागली होती. एकदा उकळत्या टोपावर झोक गेला, मी दंड धरला म्हणून निभावलं. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागलेला. खानावळ बंद पडेल ही भीती होतीच, पण सासूबाईंना काही झालं तर मी कुणाशी भांडू, ही भीती त्याहून मोठी होती.

डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. सासूबाई रोज माझ्यादेखत गोळी तोंडात टाकायच्या आणि मागे जाऊन कढीपत्त्याच्या झाडाच्या बुंध्याशी थुंकायच्या. त्या गोळ्यांनी पोट काळं होतं, असं त्यांचं म्हणणं. झाड मात्र त्या वर्षी असं काही फोफावलं की शेजारणी पानं मागायला यायच्या.

आता वाटीबाईंच्या प्रश्नाला आम्ही काय उत्तर द्यायचो ते सांगते. त्यांनी विचारायचं, काल काय जेवलात, आणि आम्ही सांगायचं, काल काय रांधलं. घरात सुरमई तळली ना, मग सुरमई जेवलो. कोलंबी केली ना, मग कोलंबी. ती गिऱ्हाइकाच्या पोटात गेली, हे परक्या बाईला कशाला सांगायचं? घराची काही अब्रू असते की नाही? सगळ्या आळीने हेच केलं. वाटीबाईंच्या कागदावर नागावच्या बायका रोज सुरमई, पापलेट आणि कोलंबी खाऊन लोळत होत्या. मुंबईत त्यांचे वरिष्ठ खूश झाले म्हणे. किनाऱ्यावरच्या स्त्रीचा आहार उत्तम.

बाई खूश झाल्या नाहीत. एका दुपारी त्यांनी सासूबाईंना उजेडात बसवलं, अंगठ्याने डोळ्याची खालची पापणी ओढली आणि बराच वेळ पाहत राहिल्या. आत सगळं पांढरंफटक. मग म्हणाल्या, "हिराताई, तुम्ही सुरमई कागदावर जेवता. डोळ्यात नुसता रस्सा दिसतोय."

सासूबाईंनी मान खाली घातली. असं फार क्वचित व्हायचं, म्हणून माझ्या चांगलं लक्षात आहे.

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी पद्धत बदलली. आता विचारणं नाही, आमच्याबरोबर जेवायलाच बसायचं. "आधी तुमी जेवून घ्या, पाव्हन्या तुमी," सासूबाई म्हणाल्या. बाई म्हणाल्या, "नाही. तुम्ही ज्या वेळी बसाल त्या वेळी. अभ्यासाचा नियम आहे." असला काही नियम असेल असं मला आजही वाटत नाही. आम्ही जेवायला बसायचो ते गिऱ्हाईक उठल्यावर, भांडी विसळून, उन्हं कलताना. बाई तोवर भुकेने कासावीस होऊन नारळाखाली बसून राहायच्या, पण बिस्किटाला हात लावायच्या नाहीत.

आली का पंचाईत? पाहुणीला नुसत्या रश्श्यावर कसं बसवायचं? सासूबाईंनी निमूट एक तुकडी बाईंसाठी झाकून ठेवली आणि आमच्या दोघींच्या ताटात नेहमीचा भात आणि टोपाच्या बुडाचं कालवण. बाईंनी तिन्ही ताटं पाहिली, आपलं ताट हाताने पुढे सारलं आणि मांडीवर हात ठेवून बसल्या.

"काय झालं? खारट हाय?"

"माझ्या ताटात जे, ते तुमच्या ताटात असलं तर मी जेवीन."

"आमी नंतर खातो."

"मग मीही नंतर."

तुकडी गार झाली. कालवणावर साय धरली. सासूबाईंनी आयुष्यात कुणाला उपाशी उठवलं नव्हतं, आणि ही बाई ताटावरून उपाशी उठली, नळावर हात धुतले आणि छत्री घेऊन चालायला लागली. सासूबाई त्या रात्री माझ्यावर उगाचच डाफरत होत्या. दुसऱ्या दिवशी तळणीतून तीन तुकड्या बाजूला निघाल्या. त्याच्या पुढच्या दिवशीही तीन. बाई जेवल्या, आम्ही जेवलो. सुरमईची मधली तुकडी मी लग्नानंतर त्या घरात पहिल्यांदा चाखली. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं आणि मी ते मिरचीच्या नावावर खपवलं.

खरी परीक्षा झाली ती एका रविवारी. वाडी माणसांनी भरलेली, शेवटच्या बाकड्यावरच्यांना आणखी सुरमई हवी, आणि तव्यावर आमच्या तीनच तुकड्या. नवरा आत येऊन म्हणाला, "आई, त्या दे इकडे. गिऱ्हाईक मोठं आहे." सासूबाईंचा हात सवयीने तव्याकडे गेला.

वाटीबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "हिराताई, नारळ काढायला माणूस येतो, त्याला तुम्ही काय देता?"

"त्याला न्याहारी देतो. वर चढायचं तर अंगात जीव नको?"

"त्याची न्याहारी मजुरीत धरता ना?"

"धरतो की."

"मग ह्या थाळीच्या दरात रांधणारीचं जेवण धरलंय का?"

तवा चुरचुरत होता. नवरा एकदा आईकडे आणि एकदा बाईंकडे बघत उभा. सासूबाईंनी उलथणं तव्यावर आडवं ठेवलं आणि बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सांग त्यांना, संपली."

आमच्या खानावळीत हा शब्द त्याआधी कधी उच्चारला गेला नव्हता. नवऱ्याचं तोंड एवढंसं झालं. आता धंदा बुडाला, लोक पुन्हा पायरी चढणार नाहीत, असं तो आठवडाभर घोकत होता. झालं भलतंच. त्या लोकांनी मुंबईत जाऊन सांगितलं की नागावला एक जागा आहे, तिथं उशिरा गेलात तर मासे संपतात. मग काय विचारता, पुढच्या रविवारी लोक अकरा वाजताच ताटं मागायला लागले. आम्ही वर्षानुवर्षं पोट मारून जे कमावलं नाही ते पोटभर जेवून कमावलं. नवरा आता पाहुण्यांना सांगतो की संपली म्हणायची कल्पना त्याची. सांगू दे.

सासूबाईंची घेरी हळूहळू थांबली. पुढे सरकारी दवाखान्यात तपासलं तेव्हा रक्त वाढलेलं निघालं. माझा जीव भांड्यात पडला. वाटीबाईंनी मात्र कपाळाला हात लावला. "माझा अभ्यास नासला गं वैशाली," त्या मला म्हणाल्या. "तुम्ही एरवी काय जेवता ते बघायला मी बसले, आणि मी बसले म्हणून तुम्ही नीट जेवायला लागलात. आता वरच्यांना काय सांगू?" पुढे त्यांनी खरं तेच लिहून दिलं. वरच्यांनी नाक मुरडलं आणि नागावचा अभ्यास गुंडाळला. बाई गेल्या त्या दिवशी सासूबाई मांडव्याच्या जेट्टीपर्यंत आल्या होत्या.  बोट सुटल्यावर सासूबाई म्हणाल्या, "डोक्याला ताप गेला," आणि घरी पोचेपर्यंत नाक पुसत होत्या.

एक गोष्ट सांगायची राहिली. बाई आमच्या वाडीमागे एका खोलीत भाड्याने राहायच्या. जन्मभर स्वयंपाक शिकवला, पण त्या खोलीत कधी फोडणीचा वास आला नाही. दुपारी आमच्यात जेवायच्या, आणि रात्री चहात बुडवून बिस्किटं. मी एकदा पकडलं. "बाई, हे काय जेवण झालं?" तर मलाच म्हणाल्या, "मी अभ्यासात नाही."

त्या निवृत्त झाल्या, मुंबईत एकट्याच राहायला लागल्या. अधूनमधून फोन यायचा. पहिला प्रश्न तोच, आणि आम्हीही वाटीच्या मापाने उत्तर द्यायचो, दीड वाटी भात, एक तुकडी. मागच्या हिवाळ्यात एकदा त्यांचा आवाज फार खोल गेलेला वाटला. मी फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता. म्हटलं, "बाई, आज मी विचारते. काल काय जेवलात?"

"अगं सगळं. वरण, भात, भाजी, पोळी, कोशिंबीर, ताक. पोटभर."

सासूबाई लसूण सोलत होत्या. त्यांचा हात थांबला. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "किती वाट्या ते न्हाय सांगितलं." आणि उठून पिशवी शोधायला लागल्या.

त्या रविवारी खानावळ बंद राहिली. नवऱ्याने विचारलं, लोक आले तर काय सांगू? सासूबाई म्हणाल्या, "संपली म्हन." ज्या बाईला बोट लागते म्हणून ती मुंबईच्या लग्नांना जात नाही, तीच बाई सुरमईचा डबा मांडीवर घट्ट धरून मांडव्याहून गेटवेपर्यंत डोळे मिटून बसली होती.

वाटीबाईंनी दार उघडलं. अंगावरचा गाऊन खांद्यावरून घसरत होता, इतक्या वाळल्या होत्या. स्वयंपाकघर लख्ख. ओट्यावर चहाचं पातेलं आणि बिस्किटांचा डबा, बस्स. सासूबाईंनी काही न विचारता तीन ताटं घेतली आणि तिन्हींत सारखंच वाढलं.

"हिराताई, तुम्ही प्रवासातून आलात, तुम्ही दोघी जेवा. माझं झालंय मघाशीच."

सासूबाईंनी आपलं ताट हाताने पुढे सारलं आणि मांडीवर हात ठेवून बसल्या. मग मीही माझं सारलं.

बाई हसायला गेल्या, पण ते नीट जमलं नाही. "अगं, मी कुठे तुमच्या अभ्यासात आहे?"

सासूबाई सरकून जवळ गेल्या, मिरच्या-लसणाने खरखरीत झालेल्या अंगठ्याने बाईंची खालची पापणी ओढली आणि खिडकीच्या उजेडात बराच वेळ पाहत राहिल्या.

"आता धरलं तुमाला," त्या म्हणाल्या.

वाटीबाईंनी डोळे पुसले, ताट जवळ ओढलं आणि भात कालवायला घेतला.