काकांची विलायती मोटार

खासगी बाजार नावाच्या आमच्या मोहल्ल्यात शेजारी राहणारे काका त्यांच्या आजोबांनी घेतलेल्या विलायती मोटारीशी लाडात बोलत. बॉनेट पुसताना म्हणत, "चल बेटी, तोंड धुऊन घे!"

यंदा जुन्या मोटारींच्या शर्यतीत त्यांनी मला सोबत घेतलं. किल्ल्याच्या उतारावर अचानक ब्रेक लागेना. समोर सहलीची मुलं रस्ता ओलांडत होती. काकांनी क्षणाचाही विचार न करता गाडी दगडी भिंतीला घासत नेली. मडगार्ड फाटलं, दिवा फुटला, पण गाडी थांबली.

मुलांना ती शर्यतीतलीच गंमत वाटली. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"गप्प करू का त्यांना?" मी विचारलं.

"नको रे, वाजवू दे. बच गए सब," काका म्हणाले आणि डोळे पुसत स्वतःही टाळ्या वाजवू लागले.