डाव्या बाजूचं दार

पन्नासचं दशक सरत आलं होतं. मी आणि माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, आम्ही दोघांनी मिळून एक जुनी विलायती गाडी घेतली होती. मालवण-कुडाळ भाडं मारायचो. चालवायचो मी, दुरुस्तीही माझीच. भावजी मोठे, म्हणून शब्द त्यांचा.

आंबोलीच्या घाटात धुक्यात एक ट्रक घासून गेला आणि पुढचं डावं दार आत चेपलं. ठोकून सरळ होण्यातलं नव्हतं. बेळगावला मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग मिळत. भावजी म्हणाले, मी आणतो.

मी वर्तमानपत्रं सुईदोऱ्याने जोडून दाराचा पुरा आकार काढून घेतला. बिजागऱ्यांची भोकं, कुलपाची जागा, खालचा बाक, सगळं खुणावलं. एकाच बनावटीच्या गाडीचं दार दोन सालांत सारखं नसतं. भावजींना बजावलं, हा कागद दारावर पसरा, भोकावर भोक आलं तरच घ्या. कागदाची घडी करून सुतळीने बांधून दिली.

तिसऱ्या दिवशी दार एसटीच्या टपावरून उतरलं. रंग झकास. मी विचारलं, "भावजी, कागद लावन बघलात?"

"बघलंय. बरोबर बसता."

त्यांच्या पिशवीतून मी घडी काढली. सुतळीची गाठ मी मारली होती तशीच होती. बहीण शेजारीच उभी होती. तिच्यादेखत तिच्या नवऱ्याला खोटा कसा पाडू? मी घडी परत पिशवीत सारली.

दार लावून पाहिलं. वर दोन बोटं फट, खाली पत्र्याला पत्रा घासत होता. बिजागरीची भोकं अर्धा इंच वर. दार परत न्यायला हवं होतं. भावजी म्हणाले, "भोकां नवीन पाड. उद्या भाडा आसा." मी पाडली. कुलूप खटक्यात पुरतं जात नव्हतं, म्हणून कानस मारली. तरीही दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नसे.

पुढच्या आठवड्यात बहिणीला जामसंड्याला नणंदेकडे सोडायला निघालो. ती माझ्या शेजारी, डाव्या बाजूला बसली. उतारावर उजवीकडे वळण घेतलं आणि दार सुटलं. ती बाहेर फेकली गेली. गाडी थांबवून धावलो तेव्हा ती खडीवर बसून होती, आणि पाय भलत्याच दिशेला वळला होता.

हाड जुळलं, पण आखूड जुळलं. दोन्ही घरांत भावजी एकच सांगत राहिले, "दार बरा होता. बसवणाऱ्याचो हात बरो नाय." लोकांना ते पटलं. भोकं माझ्याच हातची होती. गाडी आम्ही मोडीत काढली. त्यानंतर कोणी आपली गाडी माझ्या हातात दिली नाही. कुडाळला दुसऱ्याच्या दुकानात पंक्चर काढत मी बरीच वर्षं घालवली.

गाठीचं मी कोणाला बोललो नाही. त्यात मला मोठेपणा वाटत होता. आपण बहिणीचा संसार राखला, असं.

एकदा चतुर्थीला तिच्याकडे गेलो होतो. भावजी बाजारात गेले होते. ती चुलीपाशी भिंतीला टेकून, पाय लांब करून बसली होती. वर न बघता म्हणाली, "गाठ मी पण बघली होती. तो माझो घोव, माका बोलाक येय ना. तू कित्याक गप रवलस?"

मी म्हणालो, तुझ्यासाठी.

ती म्हणाली, "माझ्यासाठी नको होता." आणि कपभर चहा माझ्यापुढे सरकवला.