नाटे शाळेतली लिनक्सची मशिनं

उन्मेष रत्नागिरीतल्या एका छोट्या कॉम्प्युटर संस्थेत नोकरीला होता. २००७ साली संस्थेला गावोगावच्या शाळांतल्या मशिनांवर लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम बसवायचं काम मिळालं. इन्स्टॉलेशनमध्ये मशीन जे प्रश्न विचारतं, त्या सगळ्यांची उत्तरं सीडीवरच्या एका फाइलीत आधीच लिहिलेली असायची. सीडी घातली की पुढचं इन्स्टॉलेशन आपोआप व्हायचं. सोपं काम म्हणून त्यानं ते हौसेनं घेतलं होतं. वर्षभरात तो पार थकला.

नवीन सॉफ्टवेअर कुठून आणायचं, याचा पत्ता इन्स्टॉलेशनमध्ये मशीनवर लिहिला जायचा, आणि तो दरवेळी इंटरनेटवरचा असायचा. गावांत इंटरनेट सोडाच, फोनही धड लागत नसे. शाळेतल्या एका मशीनवर सगळं सॉफ्टवेअर भरून ठेवलेलं असे, पण बाकीची मशिनं तिकडे बघतच नसत. उन्मेष एकेकापुढे बसून पत्ता हातानं बदलायचा. मशीन बिघडलं आणि कुणी सीडी पुन्हा घातली, की पुन्हा जुना पत्ता.

त्या दिवशी नाटे गावच्या शाळेतल्या शिक्षिका कुसुमबाईंचा फोन आला. "मराठी टायपिंगचं परत अडकलंय ओ. मी सीडी घातली, पण ते नुसतं शोधतंय."

"उद्या येतो," तो म्हणाला.

दुपारी जेवायला घरी गेल्यावर बायकोनं, नीरजानं विचारलं, "परत नाटे? पोरगी तापलीय, वेदिकाला डॉक्टरकडे कोण नेणार?"

"तू नेशील का? यानंतर नाही जावं लागणार."

"मागल्या खेपेलाही हेच म्हणालास." तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच त्याला जास्त लागलं.

पत्ता बदलायची आज्ञा इन्स्टॉलेशनच्या शेवटच्या टप्प्यात घालून त्यानं पूर्वी पाहिलं होतं. चूक दिसायची नाही, पण मशीन पुन्हा सुरू केलं की पत्ता जुनाच. त्या संध्याकाळी संस्थेत बसून त्यानं त्या आज्ञेची ओळ पुन्हा वाचली. बदल होत होता, पण इन्स्टॉलेशनपुरत्या तयार झालेल्या तात्पुरत्या सिस्टीमवर. मशीन बंद झालं की ती पुसली जायची. नवी सिस्टीम डिस्कवर वेगळ्या जागी होती. त्यानं त्या जागेचा उल्लेख ओळीत घातला आणि सीडी नव्यानं लिहिली. इतकं साधं होतं, याचा आनंद व्हायला अंगात त्राण नव्हतं.

सकाळच्या एसटीनं तो नाट्याला गेला. सीडी त्यानं कुसुमबाईंनाच घालायला दिली. मशीन पुन्हा सुरू झालं. बाईंनी मराठी टायपिंग मागितलं, आणि ते शाळेतल्याच मशीनवरून आलं.

"तुम्ही काहीच केलं नाहीत आज," बाई म्हणाल्या.

"नाही," उन्मेष म्हणाला. "बाकीच्या मशिनांतही तुम्हीच घाला. मी जरा बसतो."

मागच्या बाकावर डोकं टेकून तो झोपला. परतीची शेवटची गाडी निघून गेली तरी बाईंनी त्याला उठवलं नाही. जाग आली तेव्हा सगळी मशिनं चालू होती, आणि बाई फळ्यावर उद्याचा धडा लिहीत होत्या.

शाळेतल्या फोनवरून त्यानं घरी फोन लावला. वेदिकाचा ताप उतरला होता. "जेवून घे तिथेच," नीरजा म्हणाली.