पालथा ग्लास

किझाया पास्क गेल्या मंगळवारी वारल्या. त्यांनी लंडनमधल्या हॉक्स्टनच्या लाँड्रीत सदतीस वर्षं इस्त्री केली, असं दफनाच्या वेळी पाद्रीबाबांनी सांगितलं. त्याआधी त्या काय करत होत्या, ते त्यांनी सांगितलं नाही.

त्याआधी त्या चोर होत्या. पाच मैत्रिणी मिळून मोठ्या दुकानांत शिरायच्या. घागऱ्यांना आतून खोल खिसे शिवलेले असायचे. रेशमाचा अख्खा तागा त्यात घालून बाहेर यायच्या आणि चालीत जराही फरक पडायचा नाही.

मी त्यांच्याकडे वरच्या खोलीत भाड्याने राहत होते. साहित्याची पदवी घेतली होती, नोकरी नव्हती. "एवढं शिकलीस आणि अंडं उकडता येत नाही," असं त्या दर रविवारी म्हणायच्या. मला 'पोरी' म्हणायच्या.

एकदा जिन्यावरून त्या म्हणाल्या, "ग्लिम मालव, पोरी." मी विचारलं, ग्लिम म्हणजे? दिवा, म्हणाल्या. ही चोरांची जुनी बोली. त्यांना आईकडून मिळालेली. रेशमी रुमाल म्हणजे फोगल, रात्र म्हणजे डार्कमन्स. आताच्या चोरांना यातलं काही कळत नाही, असं त्या जरा तुच्छतेनेच म्हणाल्या. ही बोली बोलणाऱ्या ओळखीत चौघीच उरल्या होत्या. मी वही आणली तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"आम्ही चौघी मातीत गेलो की लिही हवं ते. तोवर उंबऱ्याबाहेर एक शब्द नाही. घे शपथ."

मी आईची शपथ घेतली.

शनिवारी दुपारी चौघी पबमधल्या मागच्या टेबलावर बसायच्या. काळी बिअर, व्हिनेगर घातलेले शिंपले. मिसेस पास्कना दुसरं कुणी नव्हतं. नवरा राहिला नव्हता, मूल नव्हतं. आठवडाभर त्या याच टेबलाच्या आशेवर इस्त्री ओढायच्या. मलाही न्यायच्या. डल्सी हॉब्डे म्हणायची, "बोला गं हिच्यासमोर, हिला पुस्तकातलं सोडून काही कळत नाही." बाकीच्या दोघी सख्ख्या बहिणी होत्या, त्या हसायच्या.

पाचवी होती ऑर्फा. बाविसाव्या वर्षी दुकानात पकडली गेली. पोलिसांनी आठवडाभर बाकीच्यांची नावं विचारली. तिने एकही सांगितलं नाही. दुसऱ्या हिवाळ्यात तुरुंगातच खोकून मेली. तेव्हापासून दुकानात धोका दिसला की या चौघींतली कुणीतरी हळूच म्हणायची, "ऑर्फा." म्हणजे हातातलं टाका, निघा, कुणी कुणाला ओळखत नाही. हा शब्द लंडनमध्ये या चार तोंडांतच होता.

हे मिसेस पास्कनी मला एकदाच सांगितलं.

एका मासिकाला चोरांच्या बोलीवर लेख हवा होता. लेख आवडला तर तिथे नोकरी होती. मी मिसेस पास्कचं नाव घातलं नाही. माझंही आलं नाही, 'एक निरीक्षक' एवढंच छापलं. पण लेख भुकटीसारखा कोरडा झाला होता. त्यात जीव यावा म्हणून मी शेवटी ऑर्फा घातली.

तीन आठवड्यांनी डल्सीने ते मासिक टेबलावर ठेवलं. तिच्या सुनेने वाचून दाखवलं होतं.

"हे आपल्यातलंच कुणीतरी सांगितलंय," ती म्हणाली. "कुणी?"

मिसेस पास्कनी माझ्याकडे पाहिलं नाही. "मी."

"कुणाला सांगितलंस, किझी?"

"ते विचारू नकोस."

मी त्यांच्या शेजारच्याच खुर्चीवर होते. शिंपल्यातला गर काढायची टाचणी माझ्या हातात होती. माझा कुणाला संशयही आला नाही. जिला अंडं उकडता येत नाही, तिचा काय यायचा. मी टाचणी खाली ठेवली.

डल्सीने मिसेस पास्कचा अर्धा भरलेला ग्लास उचलून तिथेच पालथा घातला. खबऱ्यासाठी त्यांच्यात असंच करतात. त्यानंतर त्याच्याबरोबर कुणी पीत नाही, रस्त्यात ओळख देत नाही. मिसेस पास्क उठल्या, टोपी नीट केली, बाहेर पडल्या. मी मागोमाग गेले.

घरी मी माफी मागायला तोंड उघडलं.

"दिवा लाव, मुरिएल," त्या म्हणाल्या.

ग्लिम नाही. पोरी नाही. पुढची दीड वर्षं त्या माझ्याशी साध्या, स्वच्छ इंग्रजीत बोलल्या. पोलिसाशी बोलावं तसं. जेवायला वाढायच्या, आजारपणात पाणी आणून द्यायच्या. शनिवारी दुपारी खिडकीशी बसायच्या. मला नोकरी मिळाली होती.

दफनाच्या दिवशी तिघी रस्त्याच्या पलीकडे उभ्या होत्या. आत आल्या नाहीत.

काल शनिवार होता. मी पबमध्ये गेले. तिघींच्या टेबलाशी, बसायला सांगण्याआधीच बसले, बिअर घेतली आणि सगळं सांगितलं. शपथेचंही.

"आणि तू तेव्हा तिच्या शेजारी बसली होतीस," डल्सी म्हणाली.

"हो."

धाकटी बहीण म्हणाली, "रस्त्यात समोरून यायची किझी. मी दुकानाच्या काचेत बघत उभी राहायचे."

डल्सीने एक स्वच्छ ग्लास मागवला. काठोकाठ भरला आणि रिकाम्या खुर्चीसमोर ठेवला. मग माझा ग्लास उचलून पालथा घातला.

बिअर टेबलावरून माझ्या मांडीवर ओघळली. मी रुमाल काढला.

"राहू दे ते," डल्सी म्हणाली. "जा."