हद्दीवर अडकलेला बॉयलर

सौंसरात नत्थूजी डिगरसे यांना लोक परमिटवाले म्हणत. साध्या मालमोटारीत मावत नाही असं लांब, रुंद, उंच काही नागपूरहून सौंसर-पांढुर्ण्याकडे आणायचं असलं, की परवान्यापासून पुलापर्यंत सगळं नत्थूजींच्या अंगावर. शिक्षण मराठी चौथी. पण नागपूरच्या कचेरीत कोणता बाबू अकराच्या आत सही करत नाही, कोणाला संत्र्यांची टोपली चालते आणि कोणाला तिचा राग येतो, हे त्यांना तोंडपाठ. त्याचा त्यांना गर्व होता, आणि तो लपवायच्या भानगडीत ते कधी पडले नाहीत.

दुसरी विद्या बांबूची. चौदा फुटांचा एक जुना बांबू ते सायकलला बांधून मोटारीच्या पुढं निघत. वाटेतल्या प्रत्येक आडव्या फांदीची, तारेची उंची त्यावर खाचेनं कोरलेली होती. कोणती खाच कुठली, हे एकट्या नत्थूजींना ठाऊक. कोणता पूल किती वजन सोसतो, हे डोक्यात. विचारलं तरी सांगत नसत. आचारी मसाला सांगत नाही, तसं.

छप्पन सालच्या दिवाळीआधी पांढुर्ण्याच्या भगवंतरावांनी आपल्या जिनिंग कारखान्यासाठी नागपुरात एक जुना बॉयलर घेतला. त्याचं पोट एवढं मोठं, की रेल्वेनं हात वर केले. मग नत्थूजींना बोलावणं आलं. एक नोव्हेंबरला जुन्या मध्यप्रदेशाची फाळणी व्हायची होती. नागपूर मुंबई राज्यात जाणार, सौंसर-पांढुर्णा मध्यप्रदेशातच राहणार, पण राजधानी आता नागपूरऐवजी भोपाळ. भगवंतरावांनी चहाचा कप पुढं सरकवला आणि स्पष्टच बोलले.

"नत्थूजी, तुमची सारी ओळख नागपुरातली. नागपूरच तिकडं जाऊन राहिलं, तं तुम्ही काय करसान? बॉयलर लक्ष्मीपूजनाले कारखान्यात पाहिजे. नाई आला तं पुढचं काम मी जबलपूरच्या माणसाले देतो. तो हिंदीत लिहिते."

"लक्ष्मीपूजनाले तुमच्या दारात उभा करतो," नत्थूजी म्हणाले. चहा मात्र त्यांनी अर्धाच घेतला.

सत्तावीस ऑक्टोबरला दहा दिवसांचा परवाना हातात पडला, बॉयलर मोटारीवर चढला, ड्रायव्हर गुणवंता तयार होता. पण तो दिवस शनिवार. शनिवारी लोखंड घरात कोण आणतं? भगवंतरावांनी निरोप धाडला, आज निघू नका. नत्थूजींनाही ते पटलं, आणि खरी चूक झाली ती इथंच. लोखंड शनिवारी पांढुर्ण्यात पोचणारच नव्हतं. तासाला आठ मैल चालणारी मोटार, तीन-चार दिवस सहज लागणार होते. पण शनी म्हटलं की भली भली माणसं डोकं बाजूला काढून ठेवतात. रविवारी असला माल रस्त्यावर काढायची मनाई. सोमवारी निघाले, तर सावनेरच्या पुढं रस्त्याखालच्या एका मोरीनं दीड दिवस खाल्ला. खाली लाकडी ठोकळ्यांचा टेकू दिल्याशिवाय मोटार घालायला नत्थूजी तयार होईनात.

गुरुवारी, एक नोव्हेंबरच्या सकाळी, केळवदच्या पुढं रस्त्यात एक ड्रम आणि आडवा वासा दिसला. परवापर्यंत तिथं बाभळीशिवाय काही नव्हतं. ड्रमामागं खुर्चीवर नव्या हद्दीचे नाकेदार म्हणून रामाजी बसले होते, सौंसरचेच, नत्थूजींच्या गल्लीतले. त्यांनी परवाना उलटा-सुलटा पाहिला.

"हा नागपूरचा कागद हाय, नत्थूजी. नागपूर आता मुंबईत."

"अरे, वर मध्यप्रदेश शासन लिहिलं हाय ना! अन् तारीख सहा नोव्हेंबरपर्यंत हाय."

"लिहिलं हाय. पन सही करनारा साहेब आता आपला नाई राहिला. छिंदवाड्याची सही आना."

"रामाजी, तू माह्या पोरीच्या लग्नात पंगतीले वाढत होता!"

"वाढत होतो ना. पन आता नोकरी करून राहिलो."

नत्थूजींना राग आला आणि कीवही आली, कारण रामाजींचा चेहरा खरोखरच पडला होता. लक्ष्मीपूजन दुसऱ्या दिवशी. बॉयलर गुणवंताच्या हवाली करून नत्थूजींनी बांबू मोटारबसच्या टपावर टाकला आणि छिंदवाडा गाठलं.

कचेरीत निम्म्या खुर्च्या रिकाम्या. ओळखीचा एकही माणूस नाही. साहेब सागरकडचे, जिल्ह्यात नुकतेच आलेले. माणूस वाईट नव्हता, फक्त घाबरलेला होता. त्यांनी विचारलं, "रास्ते में पुल कौन-कौन से हैं? टूट गया तो जवाब कौन देगा?"

वीस वर्षांत हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं की ते कागदावर जाणार, आणि एकदा कागदावर गेलं की नत्थूजींना कोण विचारतो? न सांगितलं तर बॉयलर ड्रमापाशी उभा, आणि शब्द गेला तो गेलाच. बाहेर पोरं फटाके उडवत होती. शेवटी त्यांनी बांबू आत आणला, भिंतीला तिरका टेकवला आणि मोडक्या हिंदीत सुरुवात केली. ही खाच बोरगावच्या चिंचेची, ही सौंसरच्या तारेची. या पुलावर एवढं वजन, त्याच्यावर तेवढं, इथं नाल्यातून उतरायचं. मुन्शी लिहीत होता. दोन पानं भरली. एकेक खाच सांगताना त्यांना वाईट वाटत होतं, पण एकही चुकीची सांगितली नाही. साहेबांनी नव्या राज्याचा शिक्का आला नव्हता म्हणून जुनाच मारला आणि सही केली.

शुक्रवारी दिवेलागणीला बॉयलर पांढुर्ण्यात शिरला. जामसांवलीच्या फाट्यावर गुणवंतानं मोटार न थांबवताच हनुमानाला हात जोडले होते. पूजा झाली. भगवंतरावांनी बॉयलरच्या आधी नत्थूजींना कुंकू लावलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "काम तुमचंच."

ते खोटं बोलले नव्हते. पण जानेवारीत कारखान्याचं मोठं चाक आलं, त्याचा परवाना जबलपूरच्या माणसानं एका दिवसात काढला. पुलांची यादी कचेरीतच होती, अडचण कसली? रस्त्यात भेटले की भगवंतराव नत्थूजींना आपण होऊन नमस्कार करत आणि जरा घाईनं पुढं जात.

फाल्गुनात काही कामानं नत्थूजी छिंदवाड्याच्या त्या कचेरीत गेले, तर ती यादी भिंतीवर लावलेली. टाइप केलेली, हिंदीत, खाली शिक्का. ते बोट ठेवून वाचत गेले. सगळं बरोबर होतं, फक्त तिगावच्या पुलापुढं सहा टनांच्या जागी सोळा पडलं होतं. त्या पुलावर सोळा टन घातले तर ड्रायव्हर जिवंत निघत नाही.

ते आत गेले. नवा बाबू कागदातून मान वर न काढता म्हणाला, "आप कौन?"

कचेरीत हा प्रश्न त्यांना वीस वर्षांत कोणी विचारला नव्हता.

"तिगावचा पूल मले माहीत हाय," ते म्हणाले. "आकडा गलत है."

"आवेदन लाइए। लिखकर। हिंदी में."

नत्थूजी व्हरांड्यात बसले. जन्मातला पहिला हिंदी अर्ज दोनदा खोडून तिसऱ्यांदा नीट उतरवला. नावाखाली हुद्दा लिहायचा असतो, ती ओळ कोरी सोडली. मग उठून खिडकीपुढच्या ओळीत उभे राहिले. त्यांचा नंबर सातवा होता.