अटलांटाला जाऊन मी मॅच पाहिली नाही

"अहो, सईचा बँड अटलांटाला चाललाय, आपणही जाऊ या," बायको म्हणाली आणि मी लगेच गाडीच्या टायरमध्ये हवा भरून आणली. सई आमची धाकटी लेक. कॉलेजच्या मार्चिंग बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवते आणि हे तिचं शेवटचं वर्ष. कॉलेजच्या संघाच्या सामन्याला हा बँड जातोच, पण अमेरिकन फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही. एवढंच कळतं की बाद फेरीत बारा संघ, हरला तो घरी, शेवटी उरला तो देशाचा विजेता. संघ घरी आला की बँडही घरी. म्हणजे आम्ही हरलो तर सईचा गणवेश कायमचा परत.

ओहायोतल्या आमच्या डब्लिनहून सकाळी निघालो. सिनसिनाटीपर्यंत रस्ता सपाट आणि कंटाळवाणा. केंटकीत डोंगर दिसले तेव्हा बायकोने मेथीच्या पुऱ्यांचा डबा उघडला. नऊ तासांचं ड्राइव्ह, ट्रॅफिक धरून साडेदहा झाले. जाणार असाल तर हॉटेल शहराबाहेर घ्या आणि मेट्रोने जा. स्टेडियमजवळच्या पार्किंगचे दर ऐकून माझी वाचाच बसली. बॅगही पारदर्शकच लागते. पुऱ्या आत नेऊ देईनात, तेव्हा गेटपाशी उभं राहून संपवल्या.

सामना एक जानेवारीला, दुपारचा. हाफटाइमला सगळे खायला पळाले, आम्ही दोघं जागेवर. मैदानात आमचा बँड उतरला, सई तिसऱ्या रांगेत, डावीकडून चौथी. मी रडलो. हो, रडलो!

मग घोळ झाला. मी कॉफी आणायला गेलो, आमचा टचडाउन, म्हणजे एकदम सहा गुण. परत आलो, त्यांचा. बाथरूमला गेलो, पुन्हा आमचा. आलो, पुन्हा त्यांचा. नागपूरला क्रिकेटच्या वेळी घरचे मला गच्चीवर पाठवायचे. मी खोलीत आलो की विकेट पडायचीच. हा माझा लौकिक बायकोला सासरी पहिल्याच आठवड्यात कळला होता.

"अहो, कॉफी आणता का?"

"आत्ताच आणली की!"

"मग परत देऊन या."

शेजारच्या, आमच्याच संघाच्या लाल जर्सीतल्या अमेरिकन आजोबांनी काय झालं विचारलं. बायकोने सगळं समजावलं. मला वाटलं, हसतील. ते चक्क उठून उभे राहिले आणि मला वाट करून दिली. "सर, प्लीज," म्हणाले. "माझी बायको मला गॅरेजमध्ये बसवते."

शेवटची दोन मिनिटं, आम्ही चार गुणांनी मागे. मी बाहेर पॉपकॉर्नच्या स्टॉलपाशी, भिंतीकडे तोंड करून. वर टीव्ही होता, पण विषाची परीक्षा कोण घेणार!

"सर, यू ओके?" स्टॉलवरच्या बाईने विचारलं.

"मुलगी बँडमध्ये आहे," मी इंग्रजीत म्हणालो. तिला काय कळलं देव जाणे, पण तिने मूठभर पॉपकॉर्न दिले.

तेवढ्यात स्टेडियम ओरडलं. आमचे की त्यांचे? माझा जीव टांगणीला. आणि मग भिंतीपलीकडून आमच्याच बँडचं विजयाचं गाणं सुरू झालं.

संध्याकाळी सईचा फोन. "बाबा, लास्ट टचडाउन पाहिलास? इट वॉज इन्सेन!"

"नाही गं. बाहेर होतो." का ते सांगितलं.

ती म्हणाली, "नेक्स्ट गेमलापण जाशील ना बाहेर?"

आता घरी परतलोय आणि सेमीफायनलची तिकिटं काढायची होती. "एकच काढा, तुम्ही बाहेरच उभे राहणार," बायको म्हणाली. मी दोन काढली. हाफटाइमला मी जागेवरच असणार, तिसऱ्या रांगेत डावीकडून चौथी शोधत. ती मैदानाबाहेर गेली की कुणी सांगायला नको, मी आपणहून उठेन.