बालीतली बोहनी

मंडळी, आज आईनं मले गप्प केलं.

आई नांदुऱ्याच्या बाजारात भाजी विकते. यंदा तिला बाली दाखवायला आणलंय.

सकाळी बाजारात एका बाईनं टोपलीचे लाख रुपिया, म्हणजे आपले साडेपाचशेक रुपये, सांगितले. मी मोबाइलवर हिशोब लावत, घासाघीस करत तिला चाळीस हजारांवर आणलं. लय खूश झालो.

बाईनं नोटा घेतल्या आणि एकेका टोपलीला टेकवल्या.

आई म्हणाली, "अरे, बोहनी हाये तिची! पयलं गिऱ्हाईक वापस जाऊ नाई म्हणून कमी केलं तिनं. दे तिले अजून वीस हजार."

दिले. बाईनं हात जोडले, आईनंही.

आईला इथली एकही नोट ओळखता येत नाही. तरी आता पाकीट तिच्याकडेच दिलंय. बरोबर केलं ना?